नववा खाना

अमळनेरच्या कॉलेजात, तळमजल्यावर,
भूशास्त्राच्या प्रयोगशाळेचं शटर
प्रात्यक्षिकाच्या आदल्या दुपारी अर्धंच उघडं होतं.
आत उखर्डू भोई, एक गुडघा टेकून,
ऑक्साइडांचा ट्रे पुसत होते.
लेबलं कसरीनं खाल्लेली.
एकावर "हेम" उरलं होतं, दुसऱ्यावर नुसता "ट".

मी म्हटलं, ओळखायचं कसं? सगळेच काळे.
"रंग दखू नको, पोरी. रेघ दख."
न्हाणीघरातली एक पांढरी फरशी त्यांनी उलटी केली
आणि तिच्या खरबरीत पाठीवर
एकेकाला ओढत गेले.

पहिला पोलादासारखा, तोंड दिसावं इतका चकचकीत.
रेघ मात्र लाल.
कन्नडचा घाट चढताना काळ्या दगडाच्या दोन थरांत
जी गेरूची पट्टी दिसते आणि वळणावर हरवते,
तीच ही, इथे बोटभर.

दुसरा फरशीपर्यंत पोचायच्या आत
माझ्या ओढणीची टाचणी त्याच्याकडे निघाली.
उखर्डूदादा हसले.
लहानपणी मुडावदच्या संगमावर
फुटक्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून
ते तापीची वाळू विंचरत असत;
संध्याकाळपर्यंत चुंबकाला काळी दाढी यायची.
एवढं वेचून काय केलंत?
"काहीच नही. परत टाकी दी."

तिसऱ्यानं हळदीसारखी पिवळट, तपकिरी रेघ दिली.
तेही लोखंडच, पण पाणी प्यायलेलं.
भुसावळच्या यार्डात उभ्या वाघिणी
पावसाळाभर जे पांघरतात, त्याच घराण्यातलं.
चौथ्याला ओढावंच लागलं नाही,
धरताच बोटं काळी: मॅंगनीज,
संपलेला सेल फोडला की निघते ती पूड.

आणि पाचवा, कुरुंद.
त्यानं रेघ दिलीच नाही. उलट
फरशीचीच चामडी सोलून काढली.
क्रोमियमचा अंश शिरला असता तर माणिक झाला असता;
नाही शिरला, म्हणून
सुऱ्यांना धार लावणाऱ्याच्या चाकात जायचा.

मग मी, उगाच, त्यांच्या नावाचं विचारलं.
आधीची तीन मुलं राहिली नव्हती.
चौथं झालं तेव्हा आईनं ते उकिरड्यावर ठेवलं
आणि परक्याचं असल्यासारखं उचलून आणलं.
"यमले फसाडानं लेबल शे हाई," ते म्हणाले,
आणि फरशी खिडकीत उभी करून ठेवली.

नववा खाना रिकामा होता.
त्यातला नमुना कधी गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस अंश.
परीक्षक जळगावहून यायचे, त्यांची एसटी खोळंबलेली.
साडेअकराला उखर्डूदादा फाटकाजवळच्या गोळेवाल्याकडे गेले,
मुठीत काहीतरी घेऊन आले,
नवव्या खान्यात ठेवलं
आणि माझ्याकडे न बघता दारात जाऊन उभे राहिले.

माझा नंबर आला तोवर तिथे
तळाच्या पुठ्ठ्यावर एक ओला डाग होता.
मी लिहिलं:
नमुना नऊ. बर्फ. हायड्रोजनचा ऑक्साइड.
काठिण्य दीड.
रेघ: होती.

परीक्षकांनी त्या ओळीभोवती लाल गोल काढला.
गुण दिले नाहीत, कापलेही नाहीत.

सगळे गेल्यावर उखर्डूदादांनी
खांद्यावरच्या रुमालानं नववा खाना टिपून घेतला,
आणि तो रुमाल, घडी न मोडता,
मानेवर ठेवला.