ओलं-सुकं

मासळीसारखंच आवाजालाही ओलं आणि सुकं असतं.
स्क्रीनवरच्या चकतीखाली तसं लिहिलेलंच आहे:
डावीकडे सुकं, उजवीकडे ओलं.
अन्सेल्मु ती हळूहळू उजवीकडे नेतो.

खालचं टायरचं दुकान कधीच बंद झालंय.
मातोझिन्युशमध्ये रात्रीचे साडेअकरा.
स्पीकरमधून देउलिंदाबाई गातायत. वय चौऱ्याहत्तर.
एकतीस वर्षं सार्डिनची मुंडकी उडवली,
डबे भरता भरता टेबलापलीकडच्या बायकांना सूर दिला.
रेकॉर्डिंग मात्र झालं गालिच्याच्या खोलीत,
जिथे आवाज तोंडातून निघतो
आणि पायाशीच पडतो.

म्हणून हा खटाटोप.
'कॅथीड्रल' लावलं: चार पूर्णांक दोन सेकंद.
बाईंची एकदम संतीण झाली,
शब्दांच्या कडा विरघळल्या, मीठ गेलं.
'हॉल' लावलं: कुणाच्या तरी लग्नातली गायिका.
'छोटी खोली':
कुणाची खोली? कोण राहायचं तिथे?

कोपऱ्यातल्या खुर्चीतून बाई म्हणाल्या,
"एवढी मोठी जागा मला कधी कुणी दिली नव्हती रे.
पण तिथे मी नाही."

"शेड कशी होती?"
"छप्पर पत्र्याचं. खाली पाणी. आणि आम्ही चाळीस जणी."
"भिंत किती लांब?"
"हाक मारली तर मुकादमाला ऐकू जाईल इतकी.
कुजबुज जाणार नाही इतकी."

अन्सेल्मु हिशेब करतो:
सहा मीटर जायला, सहा यायला, पस्तीस मिलिसेकंद.
पत्र्यासाठी थोडी धार.
मग चाळीस रबरी एप्रन, चाळीस डोक्यांवरचे रुमाल,
एवढी अंगं आवाज पिणारच,
म्हणून वरचा चकचकाट छाटला.
शेपूट नऊ दशांश सेकंद. ओलं अठरा टक्के.

बाई ऐकतात. दोन बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरतात.
पहिली ओळ संपते, आणि बोटं वर उचललेलीच राहतात.
दुसरी ओळ आली तरी.

"मधली जागा कापलीस?"
"तिथे काही नव्हतं. नुसती शांतता."
"तिथे त्या म्हणायच्या."

फेकलेला तुकडा शोधून त्याने परत जोडला,
तीन सेकंद, त्यात एक श्वास
आणि खुर्चीची करकर. तीही राहू दिली.

आता ओळ संपते,
पत्र्याला लागून परत येते,
नऊ दशांश सेकंदात विझते.
उरलेल्या दोन सेकंदांना
कुठलंच बटण नाही.
बाईंची बोटं तेवढा वेळ हवेत थांबतात,
मग बरोबर ठेक्यावर खाली येतात.