चांगला आहे, १९९८

मार्च अर्धा सरला तरी कोक्कोलाच्या बाहेर उणे अठरा.
चौथा दिवस.
माझी साब घसा खाकरते आणि गप्प बसते,
ताटावरून रुसून उठलेल्या माणसासारखी.
पेट्रोल येतंय. ठिणगी येते, पण तिच्या मनात आलं तर.
टोपण काढलं, डिस्ट्रिब्युटरचा दांडा
दोन बोटांत धरून हलवला:
टक्. टक्.
पडायला आलेला दात.

नवा मिळत नाही. कुठेच.
जो मिळतो तो कुणाच्या तरी शेडमध्ये,
'लागेल कधीतरी' या ढिगाच्या तळाशी.
एस्किलला विचारलं. त्यानं वासाच्या बिर्गरला.
बिर्गरचा जावई म्हणाला, इसालमीला एक तौनो आहे,
विकत नाही तो, देतो;
पण आधी गाडीचा आवाज ऐकवावा लागतो.

शेजारच्या ओन्नीनं किल्ली फिरवली,
मी फोन बॉनेटखाली धरला.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग, "टायमिंग पुढे ओढलंयस. कसली घाई?"
आणि पत्ता लिहून घेतला.
पैशांचं विचारलं तर म्हणाला,
"डाव्या दाराचं रबर आहे का तुझ्याकडे?"
होतं.
असंच चालतं आमच्यात. रबराला दांडा,
दांड्याला कार्बुरेटर, कार्बुरेटरला
एक अख्खी मागची काच आणि ती न्यायला माणूस.
वर किलोभर कॉफी, ती हिशेबात धरायची नाही.

पार्सल गुरुवारच्या बसनं आलं.
बिस्किटांचा डबा, डब्यात लोकरी मोजा,
मोज्यात डिस्ट्रिब्युटर,
त्याच्या मानेला सुतळीनं बांधलेला पुठ्ठा:
"चांगला आहे. १९९८."

अक्षर माझं.

त्या साली हान्नू ओउलूला निघून गेला,
आणि त्याची दुसरी साब मी
एका रविवारी अंगणात सुटी करून मांडली.
बर्फावर चादर, चादरीवर भाग,
प्रत्येकाला एक पुठ्ठा.
घरभाडं थकलं होतं.
त्या रविवारी माझ्याकडे विकायला
वाईट असं काहीच नव्हतं.

तेव्हापासून किती शेडांमधून फिरला असेल हा,
माझ्या शब्दावर.

दांडा धरला. हलवला.
टक्.
जरा हलका, पण टक्.

तेव्हाही हलत होता का?
बोटांना कळलं नव्हतं,
की कळलं होतं, आणि पेन थांबलं नाही?
आठवायला बसले. थंडीत काही आठवत नाही,
फक्त तेल गोठतं.

तौनोला फोन केला.
"पुठ्ठ्यावर कुणाचं अक्षर आहे, ठाऊक आहे?"
"कुणा बाईचं. नीटनेटकं वाटलं, म्हणून जपून ठेवला."
"मीच ती."
तो गप्प. मागे कुत्रं भुंकलं,
त्याला त्यानं नावानं हाक मारली.
मग म्हणाला,
"असं होय. मग रबर नीट बघून पाठव."

एस्किलनं लेथवर पितळी बुश कातून दिला,
केसाइतका जाड झाला, तो घासून पुन्हा.
पॉइंटची फट मी व्हिजिटिंग कार्डानं मोजली,
खरी पट्टी ओन्नीनं कुठे ठेवली त्यालाच माहीत.
शनिवारी रात्री तिसऱ्या फेरीला
साब खोकली, अडखळली,
आणि मग बोलतच राहिली.
ओन्नी नाचला. मी नाही;
माझे मोजे ओले होते.

आता टेबलावर रबर पसरलंय.
बॅटरी लावून इंच इंच बघते.
खालच्या कोपऱ्यात चीर आहे, अंगठ्याच्या नखाएवढी.
बसवल्यावर दिसणार नाही.

पुठ्ठा कापला. लिहिलं:
"खालच्या कोपऱ्यात चीर. साध्या पावसाला चालेल.
धुवायच्या पाइपाला नाही."
ओन्नी खांद्यावरून वाचतो.
"असं लिहिलं तर घेईल कोण?"

सुतळी दातानं तोडते,
तोंडात ग्रीसची चव.
"गाठीवर बोट ठेव," त्याला म्हणते.