गळलेलं अक्षर

पहिल्या दिवशी मी तिच्याशी मोठ्यानं बोलले,
बहिऱ्याशी बोलतात तसं.
ती म्हणाली, "मावशी, ऐकू येतं मला.
हिंदी थोडी कमी येते, एवढंच."

दांडिया बाजारातल्या माझ्या टीचभर दुकानात
ती वाकूनच शिरली होती,
आणि शेजारचा मोबाइलवाला मान लांब करून विचारत होता,
"आफ्रिका देशातली का?"
"आफ्रिका देश नव्हे," मागे न वळता ती म्हणाली,
"चौपन्न देश आहेत. त्यातला माझा टांझानिया.
म्वान्झापासून बसनं चार तास माझं गाव.
नाव मिंझा."
मी वहीत लिहिलं: मिंझा. छाती चौतीस. बाही कोपरापर्यंत.

त्या कापडाला कांगा म्हणतात.
काठ काळा, पोट हळदीचं, त्यावर काजूची बोंडं,
आणि खालच्या काठाशी छापलेली एक ओळ.
"ही ओळ कापायची नाही. कापली की कापड मुकं होतं."
चष्मा पुसून मी एकेक अक्षर लावत गेले,
काही उमजेना. शेवटचा शब्द मात्र ओळखीचा निघाला:
मस्कीनी.
"मिस्कीन?" मी विचारलं. "म्हणजे गरीब?"
ती एवढी हसली
की टाचण्यांची डबी सांडली.

भावाच्या ताटावर विसंबला, तो गरीबच मेला,
असं आहे म्हणे त्यात.
तिची आई हे तोंडानं सांगत नाही,
अंगावर लेऊन बाजारात जाते, ज्याला समजायचं त्याला समजतं.

टाचण्या वेचता वेचता तिचा हात थांबला.
कापडाच्या कडेला बारीक शिक्का: जेतपूर.
आणि ओळीत एक अक्षर गळलेलं.
न्दुगु मधला न.
त्यांच्या भाषेत भाऊ.
"बघा," ती म्हणाली, आता हसत नव्हती,
"कापूस आमचा. गासड्या आमच्या.
इथून घडी होऊन परत येतात,
आणि कुणावर विसंबू नका, हे आम्ही
पैसे मोजून विकत घेतो.
तेही चुकीचं छापलेलं."

मी गप्प. कात्री हातात.
जेतपूर काही माझं नाही, तरी मान खाली गेली.

कलाभवनात ती माग शिकते.
ताणा कसा भरायचा, फणीतून धागा कसा ओढायचा,
तुटला तर गाठ कुठली.
गावात बायकांनी आठ जुने माग घेऊन ठेवलेत,
दोन वर्षं पोत्यांनी झाकलेले.
"मी गेले की पोती काढणार," ती म्हणाली,
मीटरपट्टी खांद्यावर टाकून, जणू ती तिचीच.

"अक्षर मी भरून देते," मी म्हटलं, "फुकट."
तिनं नुसतं बोट ठेवलं शेवटच्या शब्दावर.
मस्कीनी.
मग म्हणाली, "सुई द्या."

बारीखाली स्टुलावर बसून तिनं न भरला.
बारीच म्हणते मी खिडकीला. बडोद्यात जन्मले, बडोद्यातच म्हातारी होईन.
पुण्याची नणंद म्हणते, वहिनी, तुमची मराठी
गुजरातीत बुडवून काढल्यासारखी.
तीस वर्षं तिकडच्या लग्नांत
मी शब्द गिळून जेवले आहे.

काळा धागा संपलेला. तिनं लाल घेतला.
न जरा वाकडा झाला, इतरांपेक्षा मोठा,
दुकानाच्या दारातूनही दिसावा असा.
मी म्हटलं, उसवू का?
ती म्हणाली, राहू दे.
शिलाई साडेतीनशे. तिनं घासाघीस केली,
मीही केली. तीनशे वीसवर तुटलं.

रात्री पुण्याहून फोन.
बोलता बोलता मी म्हणाले, थांबा हं, बारी लावून येते,
मच्छर येतात.
पलीकडे तेच हसू.
मी बारी म्हणाले, परत एकदा, सावकाश.
लावायची मात्र राहिलीच.

सकाळी मशीनच्या पायडलखाली
तिची सांडलेली आणखी एक टाचणी
पायाला लागली.