उंटिणीच्या पोटाखाली

मेकेलेच्या बाजारात, दुकानाच्या आतल्या अंधारात
किती सुरेख दिसत होता पडदा,
निळा, ओल्या डोळ्यासारखा.
दुकानदार म्हणाला, तीनशे गाणी मावतात.
मी घासाघीस न करता पैसे मोजले.
उन्हात नेऊन बघ, असं त्यानं सांगितलं नाही,
मलाही सुचलं नाही.
जन्म उन्हात काढलेला माणूस मी,
खरेदी तेवढी सावलीत केली.

इथं खाली,
समुद्र उठून गेल्यावर मागे राहिलेल्या मिठावर
सूर्य दोनदा उगवतो,
एकदा डोक्यावरून, एकदा पायांखालून.
यादी उघडावी तर तिच्यात मीच:
दाढीत मीठ, कपाळाला आठ्या,
डोळे इतके बारीक की मेलेल्याचे वाटावेत.
आणि भर दुपारी यंत्र तापलं की
पडदा आतूनच काळा पडतो,
रुसलेल्या सासऱ्यासारखा,
बोलणं चालू, तोंड दाखवणार नाही.
गाणं वाजत असतं. कुठलं, ते विचारायचं नाही.

या अख्ख्या मिठावर सावलीची जागा एकच,
माझ्या उंटिणीचं पोट.
मी त्याखाली उकिडवा बसतो,
डोक्यावर फडकं, फडक्यात यंत्र, यंत्रात नाक.
लांबून बघणाऱ्याला वाटावं, धार काढतोय.
गाएसनं एकदा विचारलंच, किती देते रे?
म्हटलं, दिवसाला चार गाणी,
तीही लाथ मारून.

अक्षरं मला येत नाहीत.
पण त्यांची ठेवण ओळखतो,
जशी लांबून ओळखावी कोणाच्या उंटांची रांग.
दोन कुबडं आणि एक काठी, ते लग्नातलं.
लांबलचक ओळ, शेवटी गाठ, ती बाई
जी नवऱ्याला नाव न घेता शिव्या घालते.
आणि खालून तिसरं,
ज्याच्या मधोमध एक गोल भोक आहे,
ते रात्री चालायचं गाणं.
मला नेहमी तेच हवं असतं.

परवा ते भोक सापडलंच होतं,
तेवढ्यात उंटिणीनं पाऊल टाकलं.
तिच्याबरोबर सावली निघाली,
सावलीत यादी,
यादीत माझं गाणं,
आणि मी तसाच, उकिडवा, मागं मागं सरकत
कुठलंतरी बटण दाबलं.
कानात काही आलं नाही.
जे तोंडात आलं ते बोललो,
यंत्र खिशात कोंबलं, कुऱ्हाड उचलली.

रात्री खाटा बाहेर काढल्या.
वारा अजून चुलीतून आल्यासारखा.
आता हा पडदा असा लखलखतो
की शेजारच्या खाटेवरचा ओरडतो, झाक ते.
यादीच्या तळाशी एक नवी ओळ.
ठेवण अनोळखी, नुसते आकडे.
मेकेलेहून कोणी भरून दिलं असेल म्हणून
सगळे गोळा झाले. लावलं.

आधी उंटिणीचा श्वास.
मग पट्ट्याची करकर.
मग मी, अगदी स्वच्छ,
इमामांपुढे उच्चारता येणार नाही असं काहीतरी.
गाएस हसता हसता खाटेवरून पडला.
मग कुऱ्हाड. कुऱ्हाड. कुऱ्हाड.
मीठ तडकण्याचा आवाज, जसा दात.
हे आपण रोज करतो,
असं पडून कधी ऐकलं नव्हतं.
म्हातारा हुम्माद म्हणाला,
लादीमागे तीन घाव जास्त घालतोस तू.
बाकी कोणी बोललं नाही,

कारण घावांच्या मधल्या जागेत
कोणीतरी गुणगुणत होतं,
सुरात नाही, पण सोडतही नव्हतं.
कोण गातंय हा, गाएसच्या पोरानं विचारलं.
मी यंत्र पोटावर पालथं घातलं.
भोकाचं गाणं होतं ते,
पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत,
एक कडवं तर मला येतं
हेही मला माहीत नव्हतं.

संपल्यावर हुम्माद म्हणाला, पुन्हा लाव.
कुठून, मी विचारलं.
शिवीपासून, तो म्हणाला.