सॉर्टेक्स

भटू कौतिक शिरसाठ, वय अडतीस.
कपावर नाव मी लिहिलं, त्याच्यासमोर,
बापाच्या नावासकट.
ह्या कामात बापाचं नाव गाळता येत नाही.

जळगावच्या एमआयडीसीत, डाळ मिलवर,
तो सॉर्टेक्स मशीन चालवतो. बारा तासांची पाळी.
कप माझ्या हातात देताना
खाली बघत, जरा जास्तच मोठ्याने म्हणाला,
"मॅडम, आमनाकडे कॅमेरा शे. काया दाना दिसना
का हवा मारी उडाई देस.
तुमनाकडे काय शे?"

माझ्याकडे डोळे आहेत, म्हटलं.
आणि एक सुई, केसाहून बारीक.

पडद्याआड योजना, त्याची बायको,
भुलीतून अर्धी जागी.
सकाळी तिची नऊ अंडी निघाली, पिकलेली सहा.
दर दहा मिनिटांनी नर्सला विचारते, किती?
नर्स म्हणते, सहा.
ती बोटांवर मोजून पुन्हा झोपते.

चिप लावायची की नाही, ते ठरायचं होतं.
नेहमीच्या पद्धतीत नळीत दोन थर, वर पातळ, खाली दाट,
सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं,
सशक्त असतील ते तळाला.
चिपमध्ये फिरवाफिरवी नाही.
अरुंद गल्ल्या असतात, ज्याचा तो पोहत पलीकडे येतो.
अठरा हजार जास्त.
"मंग पोर व्हईच ना?"
काहींना फायदा झालाय, म्हटलं.
तुम्हाला होईलच, असं मी लिहून देऊ शकत नाही.

तो पहिल्यांदा हसला.
"आमी बी इकतस ना, डबल सॉर्टेक्स.
डाय तीच, मॅडम. पिशवी निराळी."
मग खिशातून रबर लावलेलं बंडल काढलं,
अंगठा ओला करून मोजलं.
"तरी लावा."

बाहेर पंचेचाळीस. रिंग रोडचं डांबर चपलेला चिकटतंय.
आत इनक्युबेटर सदतीसवर,
दशांश हलला तरी ओरडतो.

बशीत चिकट द्रवाचा थेंब, त्यात ते,
वेग मंदावलेले, चिखलातून चालल्यासारखे.
एकाचं डोकं सुबक, पण जागच्या जागी गरगरतोय.
एक सुसाट, मानेत वाकडा.
एकाला दोन शेपट्या, दोघी भांडतायत.
मी फक्त चाल बघते आणि ठेवण.
सोयरीक जुळवणारे निदान पगार तरी विचारतात.

आत काय आहे, ते चारशेपटीतही दिसत नाही.
कौतिकरावांचं टक्कल, कुणा आत्याचा दमा,
गणितात गती, किंवा नसणं,
उखळी आवाज, मिश्किल डावा डोळा,
सगळं घडी घालून बंद.
लिफाफा बघून पत्र निवडायचं.

हा.
नाही, हा.

आणि मग, ज्याला पोहता येतं म्हणून निवडला
त्याचीच शेपटी मी सुईने काचेवर दाबते.
एकदाच.
तो थांबतो.
थांबल्याशिवाय आत नेता येत नाही.
नऊ वर्षं करतेय. ह्या क्षणी अजून
पायाची बोटं चपलेत आखडतात.

सहा वेळा.

उरलेले, काही हजार तरी असतील,
पिवळ्या पिशवीत.
मिलमध्ये उडवलेला दाणा निदान ढोरं खातात,
भटूने जाताना सांगितलं होतं,
मी विचारलं नसताना.

जाताना टेबलावर एक पिशवीही ठेवून गेला,
दोन किलो तूरडाळ, मशीनमधून न काढलेली.
"हाई निवडी ल्या. चव हाईनीच."

रात्री ताटात पसरली.
सालपट, खडा, अर्धं टरफल असलेली एक,
आणि एक काळपट दाणा, आकाराने उत्तम,
जो मशीनने नक्की उडवला असता.
बोट त्यावर ठेवून बसले.
कुकरची शिट्टी शेजारच्या घरातली.

सकाळी सव्वाआठला बशी काढायची आहे.
अंड्यात दोन वर्तुळं दिसली, तर झालं.
आठला योजनाचा फोन येईल, किती? म्हणून,
आणि मला अजून माहीत नसेल.