घट

बाप बत्तीस वर्षं कोइमतूरच्या एका बोळात
सोनं गाळत होता.
विट्याकडची माणसं परमुलखात गेली
की आधी देऊळ नाही, सराफकट्टा शोधतात.
मूस, कोळसा, तेजाब.
तांबूस धूर वर निघायचा,
सोनं तळाशी बसायचं,
आणि धुरातलं थोडं बापाच्या छातीत.

परत आला तेव्हा पिशवीत पितळी काटा होता,
गुंजेचीही चूक न करणारा.
आणि खोकला,
जो कोणत्याच पारड्यात मावला नाही.

यंदा मार्चमध्ये मी लेंगऱ्याला आले,
प्रबंधाचं सामान खोक्यात भरून.
प्रयोगशाळेतल्या दिव्याचं ऊन
दर मिनिटाला सारखंच पडतं, म्हणून खोटं वाटतं.
इथल्या उन्हाला कोणी विचारत नाही.
पाण्याला विचारतात.
आई म्हणाली, "टेंभूची पाळी सोमवारी. किती लागंल?"
"फुलपात्रभर."
तिनं दिलं. काठोकाठ नाही.

स्लॅबवर मांडलं सगळं:
काच, काचेवर गंजाचा थर
केसाच्या शंभराव्या भागाइतका,
कॉस्टिक घातलेलं पाणी, समोर प्लॅटिनमची तार,
आणि एक छोटी सोलर पट्टी,
कारण गंज ऊन खातो खरा
पण पाणी फोडायला त्याला मागून जरा रेटावं लागतं.

तार बापानं लांबूनच ओळखली.
गंज बघून म्हणाला,
"आमी जल्मभर जे खरवडून टाकलं
ते तू काचंला लावलंस व्हय?"

साडेअकराला तारेवर पहिला बुडबुडा धरला.
सुटेना.
मग सुटला, आणि त्याच्यामागं रांग.

दुपारभर उपड्या नळीत
चमचाभर हायड्रोजन साठला.
बापानं काटा आणला.
"वजन?"
"गुंजेचा तीनशेवा भाग."
काटा त्यानं परत फडक्यात गुंडाळला.
"आणि घट किती?"
खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले.
"शंभर भाग ऊन घातलं, तर एक हाती लागतं."
"नव्याण्णव घट!
माज्या दुकानात तुला दुसरा दिवस दिसला नसता."
हसला, मग खोकला, मग
खोकला थांबेस्तोवर आम्ही दोघं
तिसरीकडंच बघत राहिलो.

काडी ओढून नळीच्या तोंडाशी धरली.
फट्.
टाकीवरच्या पारव्यांनी मानसुद्धा वळवली नाही.
काचेवर आतून धुकं आलं.
"ह्ये काय?"
"पाणी. सकाळचंच. आलं परत."

त्यानं नळी नाकाशी नेली
आणि झटकन मान मागं घेतली,
बत्तीस वर्षांची सवय.
मग हळूच पुन्हा नेली.
"वास न्हाई."
"नाही."
"धूर?"
"नाहीच."
पुढं काही बोलला नाही.
नळी मात्र बराच वेळ हातात होती.

चारला ऊन कललं तेव्हा मी खाली चहा टाकत होते.
वर आले तर
काचेच्या चौकटीखाली विटेचा तुकडा सारून
त्यानं तिचं तोंड मावळतीला केलेलं,
आपली खुर्चीही तिकडंच.
"आण्णा, सावलीत बसा की."
त्यानं बोट वर केलं, गप्प म्हणून.
ओठ हलत होते.
थोड्या वेळानं म्हणाला,
"वजनात घावंना.
म्हणून मोजाय लागलोय."