सुरगाठ

धानोरीत, बंद पडलेल्या पंपांच्या शेडमध्ये
आम्ही तिला एकशे बारा भाग डांबून ठेवलं.
माझं काम वहीत लिहायचं:
डावं मनगट, दोन वेढे, निरगाठ, बाहेरच्या बाजूला.
चहा पेल्यात अर्धा.
चष्म्याच्या उजव्या काचेला तडा.
त्याच्या शर्टाचं तिसरं बटण तुटलेलं,
भाग नऊ, झटापट.
मनगटावरचा वळ मेकअपवाला रोज नवा काढायचा,
कालच्याच जागी.

लोहगावावरून लढाऊ विमान उठलं
की साउंडवाला हात वर करी
आणि सगळे जिथल्या तिथे.
तोही. तिच्या गळ्याशी धरलेल्या कटरसकट.
एकदा लागोपाठ चार गेली.
कटर न हलवता त्यानं विचारलं,
"अवघडलं का हो?"
"हात तुझा वर आहे, मला काय विचारतोस,"
ती म्हणाली.

तो विश्राम भेगडे, कामशेतचा.
मालिकेत कंपनीनं काढून टाकलेला फिटर.
ती उषाताई चिरमुले, वय एकसष्ट.
मालिकेत मालकाची बायको.
एरवी, तीस वर्षं सिटी पोस्टात
पार्सलच्या खिडकीमागे,
संध्याकाळी तालमी.

भाग सत्तेचाळीस. ती वैतागली.
"अरे, निरगाठ कसली मारतोस मेल्या,
मला सोलापूरला पाठवायचंय का?
ही बघ. एक टोक असं मोकळं ठेवायचं.
दिसायला तीच. ओढलं की सुटते."
त्यानं तिच्याच हातावर तीनदा करून पाहिली,
तिसऱ्यांदा जमली.
मी वहीत लिहिलं: निरगाठ.
चुका पकडायचा पगार घेते मी.
ही एक पकडली नाही.

जेवणाच्या सुट्टीत मात्र ओळख नसल्यासारखे.
तो लाइटवाल्यांच्यात, वडापाव, मोठमोठ्यानं हसणं.
ती खुर्चीत, डब्यातली पोळी दुमडून,
पेपरातलं कोडं मांडीवर.
दोरी सुटली की दोघंही परके.
पुन्हा बांधली की ती विचारायची,
"आईची साखर किती आली रे?"
आणि तो, गुडघ्यावर बसून,
वेढे मोजता मोजता सांगायचा.

वाहिनीच्या बाई आल्या एकदा.
गाडीची काच अर्धी खाली करून म्हणाल्या,
नातं फुलू द्या.
पण फार नको.
आणि तिला थोडं तरुण करता येईल का?
दिग्दर्शकानं मान हलवली, नेमकी कशाला
ते त्यालाच ठाऊक.
आकडे पडत होते. मंगळवारी कळलं,
शुक्रवारी शेवटचा भाग.

शेवटच्या कागदावर एकच ओळ होती:
दार उघडं. ती धावत बाहेर जाते.
ती दारापर्यंत गेली.
बाहेर खरंच ऊन होतं, खरी धानोरी होती,
एक टेम्पो मागे मागे येत होता
आणि कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं.
तो खोक्यावर बसलेला, हातात रिकामी दोरी.
तेवढ्यात विमान.
साउंडवाल्याचा हात वर.
ती थांबली. आम्ही सगळे थांबलो.
कॅमेरा कुणी बंद केला नाही.
ती मागे वळली, पेला उचलला,
त्याच्यापुढे सरकवला.
ओठ हलले. आवाजात काही ऐकू आलं नाही.
मला वाटतं, ती म्हणाली, "निवलाय."
मला वाटतं. वहीत लिहिलेलं नाही.

तोच टेक ठेवला.
डबिंगमध्ये विमान पुसून काढलं,
शेडमधली शांतता तेवढी राहिली,
पेल्याचा पत्र्यावर घासल्याचा आवाज.

शुक्रवारी, साडेआठ, येरवडा.
आई लसूण सोलत बघत होती.
"सुरगाठ होती ती," ती म्हणाली,
"केव्हापासून बघतेय मी. कुणाच्या लक्षात कशी नाही आली?"
मी गप्प.
"आणि आता तर दारही उघडंय.
मग ही बाई जात का नाही?"

"थांब," मी म्हटलं,
"विमान जातंय."

आईनं लसणीचा हात पदराला पुसला
आणि आवाज वाढवला.